नाव गुप्त राहील

माझी वहिनी सरकारी पाणी-तपासणी प्रयोगशाळेत होती. वस्त्यांमधून फिरून नळाचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, हे तिचं काम. सगळे तिला बाटलीबाई म्हणत. त्यावर सगळ्यांत आधी तीच हसायची.

एका वस्तीत कावीळ पसरली. वहिनीने आणलेलं तिथलं पाणी दूषित निघालं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्यादेखत शिपायाला ऑफिसच्या फिल्टरमधून बाटली भरायला लावली आणि तीच वस्तीची म्हणून तपासायला पाठवली. "पाइप नुकतेच टाकलेत, उगाच बोभाटा नको," म्हणाले.

वहिनी तक्रार कक्षात गेली. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "नाव गुप्त राहील," म्हणाल्या. राहिलंही. पण तक्रार खुलाशासाठी साहेबांकडेच आली, आणि त्या दिवशी खोलीत होते तिघंच. शिपाई साहेबांच्या गावचा. तो कशाला तोंड उघडतोय!

साहेब चकार शब्द बोलले नाहीत. वहिनीला भांडारात बसवलं. फुटक्या काचा, बंद पडलेला फ्रीज आणि एक खुर्ची. काम शून्य. न विचारता तिच्या डब्यातली भाजी उचलणाऱ्या मैत्रिणी आता वाट वाकडी करून जायला लागल्या.

"आज काय केलंस?" दादा विचारायचा.

"बसले."

ती पुन्हा त्या बाईंकडे गेली, तेव्हा मी सोबत होते.

"पगार चालू आहे? हुद्दा तोच आहे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग छळ झाला हे मी दाखवू कसं?"

"माझ्याशी कुणी बोलत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनाही वाईट वाटत असावं. "न बोलण्याविरुद्ध नियम नाही हो," त्या म्हणाल्या.

पुढे त्या तक्रारीवरून बाहेरचं तपासणी पथक आलं. रस्ता खणला, तर गटाराचं पाणी पाइपात झिरपत होतं. पाइप बदलले, कावीळ थांबली. साहेबांची मुख्यालयात बदली झाली; निरोपाला हारतुरे झाले. नवे साहेब वहिनीला म्हणाले, "तुमचं ते प्रकरण जरा थंड होऊ दे, मग बघू."

ते अजून बघतायत.

"राजीनामा दे," दादा म्हणाला.

"मग घरी बसू? तिथेही बसतेच की."

एकदा भांडी विसळताना मी तिला विचारलंच, "वहिनी, पश्चात्ताप होतो का गं?"

तिने नळ बंद केला. "दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. गाल आपलाच, पण चावला तरी कळत नाही."

"आणि ती वस्ती? पोरं बरी झाली ना तिथली?"

"झाली म्हणतात," ती म्हणाली, आणि ताटं पुसायला घेतली.