मामा, मी आणि मधली शेळी

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी मामांशी कधी बोलले नव्हते. चहाचा कप ठेवायचा, पदर ओढायचा आणि दाराआड व्हायचं. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्या आणि दोन वर्षांनी मामांना लकवा झाला. डावी बाजू गेली.

जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ चालवा. पाय आता बसून राहिला तर कायमचा बसेल. आमचे हे सकाळीच टेंभुर्णीला कामाला जातात. म्हणजे चालवणारी मीच.

पहिल्या दिवशी मी पदर नाकापर्यंत ओढून खाटेजवळ उभी राहिले. अंगणात नुकतीच व्यायलेली शेळी बांधलेली होती. तिच्याकडे बघून मी म्हणाले, "शेळे, ऊठ. डॉक्टरांनी दहा पावलं सांगितलीत."

शेळी उभीच होती. मामा जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. तेही तिलाच म्हणाले, "शेळे, तिला सांग, आज पाय लई दुखून राह्यला."

"शेळे, दुखला तरी उचलावा लागतो."

"शेळे, ही तर डॉक्टरच्या वर गेली."

हात धरायची सोय नव्हती. काठीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या, आणि त्यांच्या डाव्या अंगाला भिंत, अशी आमची वरात निघायची. समोरच्या मावशी ओट्यावरून ओरडायच्या, "काय गं, लकवा तुझ्या सासऱ्याला झालाय का शेळीला?"

महिन्याभरात मामा अंगणभर फिरायला लागले. मग एक दिवस शेळी चरायला गेली होती आणि मी आत भाकरी थापत होते. बाहेर धप्प आवाज आला. मामा एकटेच उठायला गेले होते, ते उताणे पडलेले. मी दारातच थबकले. ते माझ्याकडे बघत होते, मी रिकाम्या खुंट्याकडे.

"शेळी न्हाई घरी," मामा म्हणाले. "आता तूच ये."

पिठाच्या हातांनीच मी त्यांना उचललं.

लागलं काही नव्हतं, पण भीती बसली. चार दिवस मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेळीमार्फत मी किती विनवलं, हूं की चूं नाही. पाय पुन्हा आखडायला लागला. पाचव्या दिवशी मला काय झालं कोण जाणे.

"मामा, उठा! पाय गेला म्हणजे मंग तुम्हाला रोज उचलायला मी काय म्हैस हाय का?"

गल्लीभर ऐकू गेलं. मावशी धावत ओट्यावर आल्या. मामा माझ्याकडे वळले.

"एवढा आवाज ठेवला व्हता कुठं?" म्हणाले, आणि हात पुढे केला. मी तो धरला.

दहा पावलं झाल्यावर मी म्हणाले, "अजून पाच."

"शेळी बरी व्हती. दहावर थांबायची."

पण चालले. अंगणाबाहेर, थेट मावशींच्या ओट्यापर्यंत. तिथं धापा टाकत बसले. मी उभीच. ते जरा सरकले.

"बस. तू बी दमलीस."

मी बसले. अगदी कडेला, पण बसले.

"उद्या कुठवर?"

"हौदापर्यंत."

मामांनी डोळे बारीक करून गल्लीच्या टोकाच्या हौदाकडे बघितलं. "लई लांब हाय," म्हणाले. पण येत नाही असं काही म्हणाले नाहीत.