पुन्हा घेतलेलं रडणं

झेंडूचा वास आला की अकोटचं आमचं अंगण आठवतं आणि मी स्वतःवरच चडफडते. माझं लग्न लागून बिदाई चालली होती. आमच्याच मळ्यातल्या झेंडूचे हार पहाटेपासून ओवून आईच्या हातांना तो वास लागला होता. त्याच हातांनी माझा चेहरा धरून ती हमसून रडली. तेवढ्यात व्हिडिओवाला म्हणाला, "काकू, गाडीजवळ या, परत एकदा घेऊ." आई म्हणाली, "आता काहून? रडली ना मी मघाशी!" मीच चिडले, "सिनेमातल्यासारखं पाहिजे मले. रड ना, आई!" तिनं पदर सावरला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि रडली. आज आई नाही. व्हिडिओत फक्त ते मी सांगितल्यावरचं रडणं ठेवलंय, आणि पहिलं रडणं आठवायला डोळे मिटले तरी तेच समोर येतं.