अण्णांची पावलं

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी गेल्या आठवड्यात डबा खाताना विचारलं, "सासूबाईंसाठी ते स्मार्टवॉच घ्यायचं म्हणतेय. तुम्ही घेतलं होतं ना वडिलांना? उपयोग होतो का हो त्याचा काही?"

मी म्हणाले, "सांगते नंतर." आणि खाली मान घालून जेवत राहिले. एरवी न विचारता सल्ले देणारी बाई मी, त्यामुळे त्यांना नवल वाटलं असणार. त्यांना सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, निफाडकडे पाटकरी होते. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांत सोडायचं, कुणी चारी फोडून पाणी पळवतंय का ते बघायचं, हे त्यांचं काम. सायकल मिळाली होती, पण चिखलात तिलाच खांद्यावर घ्यावं लागायचं, म्हणून सगळी नोकरी त्यांनी पायीच केली. निवृत्त झाल्यावर नाशकात पंचवटीच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या आणि आई-अण्णा तिथे राहायला आले. मी नाशिकरोडला सासरी. मध्ये अख्खं शहर आणि द्वारका चौकाची गर्दी. त्यामुळे मी रविवारी जायचे आणि बाकी सगळा कारभार फोनवर चालायचा.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या छातीत दुखलं. एक स्टेंट टाकली. घरी सोडताना डॉक्टर सहज म्हणाले, रोज चालत जा, पाच हजार पावलं झाली तर उत्तम. अण्णांनी मान हलवली आणि विसरून गेले. मी मात्र ते वाक्य कोर्टाच्या हुकमासारखं डोक्यात ठेवलं आणि त्याच आठवड्यात घड्याळ आणलं.

अण्णांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे काय मोजतं?"

"पावलं. आणि छातीचे ठोके. सगळं मला माझ्या फोनवर दिसणार."

"सारी नोकरी चाललो, तवा कुणी नाय मोजली," ते म्हणाले. पण हात पुढे केला. काचेवरचं प्लॅस्टिक मात्र त्यांनी मला काढू दिलं नाही. नवी वस्तू आहे, राहू दे, म्हणाले.

माझ्या फोनवर एक गोल होता. मध्ये लिहिलं होतं 'अण्णा'. पावलं वाढतील तसा तो भरत जायचा आणि पाच हजार झाली की हिरवा व्हायचा. खाली ठोक्यांचा आकडा. मी त्या गोलाच्या हात धुऊन मागे लागले. रोज चहाच्या सुट्टीत फोन. "अण्णा, आज अठराशेच? सकाळपासून काय केलंत?" ते म्हणायचे, "निघतोच आता." ज्या माणसाला पाण्यावरून भांडणारे बागायतदार बिचकून असायचे, तो माणूस मला कारणं सांगायचा. ऊन होतं, कुत्री होती, चप्पल तुटली. खरं सांगायचं तर त्यांना रागवायला मला बरं वाटायचं. आपण लांब राहूनही वडिलांचं करतो आहोत, असं वाटायचं.

यंदा संक्रांत झाली आणि अण्णा सुधारले. गोल रोज हिरवा होऊ लागला. ठोके सत्तरच्या आसपास, एकदम छान. मी ऑफिसात त्याच बाईंना फोन दाखवून तोरा मिरवला. रोजचा फोनही हळूहळू बंद केला, कारण फोनची गरजच नव्हती, सगळं दिसत होतं.

रविवारी जायचे तेव्हा अण्णा खुर्चीत बसलेले असायचे, मनगटावर घड्याळ. "आज सुट्टी," म्हणायचे. बोलणं कमी झालं होतं. मी आणलेले बूट कॉटखाली होते, त्यांचे तळवे नव्यासारखे स्वच्छ. मला वाटलं, घासूनपुसून ठेवत असतील, टापटिपीचे आहेत. एकदा घड्याळाच्या पट्ट्याला एक जास्तीचं भोक दिसलं, शेवटच्या भोकाच्याही बरंच आत, कडा करपलेलं, सुई तापवून पाडलेलं.

"अण्णा, एवढे बारीक झालात?"

"चालून चालून," ते म्हणाले. आई उठून स्वयंपाकघरात गेली. पट्टा तेव्हा बाहेरच्याच भोकात अडकवलेला होता, हे मी बघितलं होतं. बघितलं आणि सोडून दिलं.

चैत्रातली दुपार होती. तीनच्या सुमाराला शेजारच्या काकूंचा फोन आला, अण्णांना दवाखान्यात नेतोय, तू ये. मी रिक्षात बसले आणि आधी फोनवर घड्याळाचं पान उघडलं. ठोके एकशे अठरा, नुकतेच नोंदलेले. माझा जीव भांड्यात पडला. जोरात का होईना, चालू आहे. द्वारकेला रिक्षा अडकली तेव्हा मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "काळजी करू नका, मी बघतेय, एकशे अठरा आहेत." सगळ्या रस्त्यानं मी तो आकडा सोडला नाही. एकशे दहा झाले तेव्हा वाटलं, औषध लागू पडतंय.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की अण्णा तिथे पोचण्याआधीच गेले होते.

मी त्यांच्याशी वाद घातला. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण घातला. फोन त्यांच्यापुढे धरला, "अहो, चालू आहेत ठोके, हे बघा, एकशे चार." त्या तरुण डॉक्टरांनी फोनकडे बघितलं, मग शांतपणे चादर सरकवून अण्णांचं मनगट दाखवलं. रिकामं होतं. दुसरंही दाखवलं.

बाहेर बाकावर आई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत अण्णांचा फोन. पदराखाली हात होता. मी पदर बाजूला केला. हिरव्या बांगड्यांच्या मागे, आतल्या भोकात घट्ट बसवलेलं, काचेवर तेच प्लॅस्टिक असलेलं घड्याळ. त्यावर एकशे चार.

"तुझ्यामुळे गेले अण्णा," मी म्हणाले. शेजारच्या काकू होत्या, एक नर्स होती, सगळ्यांसमोर म्हणाले. आईनं पदर पुन्हा हातावर घेतला.

दहाव्याला आत्या बांगड्यांचं बोलायला लागल्या. मी म्हटलं, कुणी तिच्या हाताला हात लावायचा नाही. पण आईनं स्वतःच एकेक बांगडी काढून ताटात ठेवली. आत्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, "आणि हे?" आई म्हणाली, "हे त्यांचं हाय. हे ऱ्हाईल."

सगळे पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं. रागानंच विचारलं. ती गहू निवडत होती, निवडता निवडता सांगत गेली.

पौषात एकदा अण्णा गल्लीतल्या मारुतीपर्यंत गेले आणि पायरीवर बसले ते अर्धा तास उठेनात. धाप लागली होती. घरी आल्यावर आई म्हणाली, पोरीला कळवू. अण्णा म्हणाले, नको. तिच्या रजा संपल्यात. हे माझंच वाक्य होतं. स्टेंटच्या वेळी दवाखान्याच्या खोलीत कुणाशी तरी फोनवर मी वैतागून बोलले होते, "आता माझी एक रजा उरलेली नाही." अण्णा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

"पन तू फोन केला का त्यांचा जीव खाली-वर व्हायचा," आई म्हणाली. "मंग मी म्हनलं, आना ते हिकडं. मी मारुतीला जातेच, चार फेऱ्या जास्ती घालीन."

"आई, अगं, त्यात ठोके तुझे दिसत होते. मला कसं कळणार त्यांना बरं नाही ते?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मला ठोक्यांचं नाय समजलं. मला पावलांचं समजलं. पूजेला बसलो का सगळं तेच करायचे, मी नुसता त्यांच्या हाताला हात लावून बसायची. तरी मला अर्धं मिळतं ना? गुरुजी बी तेच सांगत्यात. मंग मी त्यांच्या नावानं चालले तर त्यातलं अर्धं त्यांना का मिळू नये? मला वाटायचं, लागू पडतंय. दोन दिवस जरा बरे दिसले का मी आजून फेऱ्या वाढवायची. गुडघे लय दुखायचे."

तिनं मला फसवलं, असं मी दोन आठवडे धरून बसले होते. ती तर औषध देत होती. रोज पाच हजार पावलांचं औषध, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि मी ऑफिसात बसून ते बघून खूश होत होते. त्या तीन महिन्यांत मी आईला एकदाही विचारलं नव्हतं की तुझी तब्येत कशी आहे. तिची नाडी मात्र रोज बघत होते.

घड्याळ घ्यावं की नाही, याचं उत्तर माझ्याकडे खरंच नाही. त्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. ज्या हाताला बांधलं त्या हाताचं सांगत होतं. हात कुणाचा, ते बघणं माझं काम होतं. त्या बाईंना मी एवढंच सांगणार आहे की घ्यायचं तर घ्या, पण सासूबाईंचा हात स्वतः हातात घेऊन बसत जा, आणि त्यांच्यादेखत रजेचं बोलू नका.

'तुझ्यामुळे गेले' हे मी म्हणाले होते, त्याची माफी मला अजून मागता आलेली नाही. दर रविवारी ठरवून जाते आणि भाजी निवडून, कपाट आवरून परत येते. फोनवरचा गोल तसाच आहे, मध्ये 'अण्णा' लिहिलेलं. ते नाव बदलायला माझा हात होत नाही.

परवाच्या रविवारी चहा झाला आणि आई उठून चपला शोधायला लागली. ऊन अजून भिंतीवर होतं.

"कुठे निघालीस?"

"मारुतीला. त्यांची बाराशे ऱ्हायलीत."

मी फोन उघडला. अण्णांचा गोल भरत आला होता, पाच हजारांना बाराशेच कमी. मी चपला घालून तिच्यासोबत निघाले. देवळामागे फरशी उंचसखल आहे, ती गुडघ्यावर हात ठेवून चालते. दुसऱ्या फेरीला मी तिच्या घड्याळाच्या हाताला हात लावला आणि तसाच ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"लावून ठेव," ती म्हणाली. "यातली आर्धी तुझी."