परीक्षकांसाठी लावलेली रांग

समोरच्या फ्रेमवाल्यांच्या मुलीने बापाचं दुकान विकायला काढलंय, ही बातमी आमच्या इमारतीत तळमजल्यावरून निघाली. तिसऱ्या मजल्यावर माझ्यापर्यंत येईतो तिला गिऱ्हाईक, बयाणा आणि बापलेकीचं भांडण एवढं सगळं चिकटलं होतं. भांडणाचा भाग माझा नाही. बयाण्याचा असेल. खरा प्रकार असा की ती आठवडाभर दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी राहून, आत न शिरता पुढे जाणाऱ्या माणसांना थांबवत होती आणि आत का गेला नाहीत असं विचारत होती. भररस्त्यात कुणी असं विचारलं तर माणसाला वाटणारच, की दुकान गळ्यात मारायला निघालीय. तिने विकायला काही काढलं नव्हतं. तिचा अभ्यास चालला होता.

तिला आम्ही फूटपट्टी म्हणतो. लहानपणी शाळा सुटली की बापाच्या दुकानात लाकडी पट्टी हातात धरून उभी असायची, आणि बोलणंही तसंच, सरळ आणि कडेला धार. विम्याच्या कचेरीत चांगली रुळली होती. चौतिशी गाठल्यावर बाईंनी ती नोकरी सोडली आणि उद्योजकतेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. मी जिन्यात गाठून म्हटलं, धंदा शिकायला कॉलेज म्हणजे पोहणं शिकायला टपालाने पाणी मागवण्यासारखं झालं. ती हसली नाही. तिने मला जिन्यातच शिकवणी दिली. पहिल्या वर्षी सगळा सिद्धान्त. संधी सापडते की घडवावी लागते, हाताशी आहे त्यातून सुरुवात कशी करायची, किती बुडालं तर झेपेल ते आधी कसं ठरवायचं. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक. एक चालता धंदा निवडायचा, त्यात पूर्ण सत्र काढायचं आणि परीक्षकांपुढे पुराव्यासकट निकाल द्यायचा: आहे तसा चालवा, बदला, नाहीतर बंद करा. पुरावा टिकला नाही तर पदवी नाही. आणि नोकरी तर आधीच सोडलेली.

तिने बापाचं दुकान निवडलं. पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा याचा वेगळा अभ्यासक्रम असता तर त्यात ती तेव्हाच पहिली आली असती.

तिचे बाबा म्हणजे फ्रेमवाले. सत्तरीचे, कमी बोलणारे, बोटांवर काचेचे जुने-नवे ओरखडे. लाकडाची पट्टी तिरकी कापून चार कोपरे असे जुळवतात की नखसुद्धा अडकू नये. मुलगी आपल्या दुकानावर मोठा अभ्यास करतेय म्हटल्यावर हा मुखदुर्बळ माणूस आल्यागेल्याला सांगू लागला. पोरगी शिकून दुकान मोठं करणार अशी त्यांची समजूत, आणि ती दूर करायची हिंमत फूटपट्टीला होईना.

कारण तिला जे सापडत होतं ते काही बरं नव्हतं. कॉलेजातल्या तिच्या मार्गदर्शक मॅडमनी एक नियम शिकवला होता. आवडेल का, घ्याल का, असं माणसाला विचारूच नये. तोंडदेखलं हो म्हणतो. शेवटचं कधी घेतलं ते विचारावं. तसं विचारल्यावर सगळे डोकं खाजवायचे. फोटो फोनमध्ये, फ्रेमा आयत्या मिळतात. फ्रेमवाल्यांकडे माणूस येतो तो घरातलं कुणी गेल्यावर, एक मोठा फोटो करून घ्यायला. एरवी ते सकाळी शटर वर करतात, गल्ला पुसतात, काच पुसतात, आणि रस्त्याकडे तोंड करून बसतात. कारागिरी सोळा आणे, गिऱ्हाईक शून्य. तिचा निकाल ठरला होता: पुढचं दुकान बंद करावं, मागचं कामाचं बाक ठेवावं, आणि नवी ऑफिसं, दवाखाने जिथे भिंती रिकाम्या आहेत तिथे आपण होऊन जावं. पण बाबांना यातला पहिलाच तुकडा ऐकू जाणार, हे तिला ठाऊक होतं. आज सांगते, उद्या सांगते करत ती परीक्षेच्या तोंडावर आली.

बाबांना तिने एवढंच सांगितलं, की परीक्षक दुकान बघायला येणार आहेत.

आता शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा मास्तर काय करायचे, हे आमच्या वयाच्या माणसाला सांगायला नको. गैरहजर पोरं घरून उचलून आणायची आणि वर्ग भरायचा. फ्रेमवाल्यांनी तेच केलं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे कात्री मागितली नाही, तो आमच्या इमारतीत दारोदार फिरला. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, पोरीची परीक्षा आहे, काहीतरी घेऊन या, नुसते उभे राहा. असं आमंत्रण मी सोडतो होय?

त्या सकाळी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणी शाळेचं प्रमाणपत्र आणलं होतं, कुणी जुन्या कॅलेंडरातला धबधबा. मी माझा लग्नाचा फोटो नेला, ज्यात हिचे डोळे मिटलेले आहेत. तेवढाच एक शांत क्षण, म्हटलं, जपावा. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त कंडक्टरने तर छातीचा एक्स-रे आणला आणि त्याला काच न चकाकणारीच हवी म्हणून हट्ट धरला. फ्रेमवाले मात्र गंमत करत नव्हते. एकेकाची वस्तू दोन्ही हातांनी घ्यायचे, माप घ्यायचे, पट्टीचे नमुने कडेला लावून दाखवायचे, मागे चिठ्ठी चिकटवायचे. कान लाल झाले होते आनंदाने.

फूटपट्टी मॅडमना आणि बाहेरच्या परीक्षकांना घेऊन आली आणि उंबऱ्यातच थिजली. परीक्षक बुटके, चष्मा कपाळावर. त्यांनी तिच्या अहवालाचं पान उघडलं, रांगेकडे बघितलं, पुन्हा पानाकडे बघितलं. म्हणाले, "तुम्ही लिहिलंय, दुकानात क्वचित कुणी येतं. इथे तर मला आत शिरता येत नाही. पाहणी कुठे केलीत? घरी बसून?"

पलीकडे बाबा तिच्याकडे बघून हसत होते, गळ्यात टेप, कसं जमवलं बघ, असे. मी तेव्हाच निघायला हवं होतं, पण रांग सोडायची कशी? माझ्यामागे धबधबा उभा होता.

मग तिने कंडक्टरला विचारलं, अगदी हळू. "काका, याआधी शेवटची फ्रेम कधी केली होतीत इथे?" कंडक्टर एक्स-रे उजेडात धरून स्वतःच्या बरगड्या मोजू लागला. तिने प्रमाणपत्राला विचारलं. मग त्याच्या पुढच्याला. प्रत्येकाची मान खाली. पुढचा नंबर माझा होता.

माझ्यावर पाळी आलीच नाही. फ्रेमवाल्यांनी टेप गळ्यातून काढून बाकावर ठेवला.

"पुरे, बाळ. त्यांना नको विचारू. मीच बोलावलंय सगळ्यांना." आणि परीक्षकांकडे वळून म्हणाले, "तिने लिहिलंय तेच खरं आहे, साहेब. कुणी येत नाही."

परीक्षकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि उगाच एक फ्रेम न्याहाळली. आम्ही एकेक करून सटकलो. मागून फ्रेमवाले सांगत होते, मापं घेतलीत, माल तयार ठेवतो.

ती पास झाली. पुरावा म्हणे परीक्षकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, याहून पक्का कुठून आणणार? पण इमारतीत तिच्या नावाने शिमगा सुरू झाला. बापाने एवढं केलं आणि हिने चारचौघांत त्याचं नाक कापलं. शिकलेली लेक म्हणजे घरातलाच उंदीर. बाबा तिच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नव्हते. पुढचं शटर आता अर्धंच उघडायचं. आत मागच्या बाकावर ते वाकून काम करताना दिसायचे. नवी ऑफिसं, दवाखाने वगैरेचं ती सांगायला गेली की म्हणायचे, आधी हातातलं संपू दे. मला गल्लीच्या पलीकडून जाताना ते दिसायचे. हल्ली मी पलीकडूनच जातो, तिकडे सावली बरी असते.

परवा ती जिन्यात भेटली. डोळ्यांखाली काळं आलेलं, हातात बाबांचा जेवणाचा डबा, न उघडता परत आलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, काय मग, पदवीधर बाई, पदवी मिळाली आणि बाप गेला हातचा. नफा की तोटा, काय शिकवतात तुमच्यात? एक दिवस गप्प बसली असतीस तर म्हाताऱ्याची अब्रू राहिली असती. आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटतंय गं त्यांचं.

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"काका, त्या दिवसाच्या सगळ्या फ्रेमा बाबांनी तयार केल्यात. भिंतीला टेकून आहेत, एकही कुणी नेलेली नाही. तुमची पुढेच आहे, काकूंचे डोळे मिटलेली. आधी ती घेऊन जा, मग वाईट वाटून घ्या."