दहाची एसटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण? भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त घातल्या तरी घरी येऊन चवीने सांगणारी बाई! माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. राहतं हो. एक गोष्ट राहिली आहे — इतकी वर्षं, अगदी मजेत.

मजेत हा शब्द चुकून आलेला नाही, बरं का. तोच तर त्रास आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी नुकती अर्थशास्त्रात एम. ए. झाले होते, पनवेलला आईवडिलांकडे राहत होते, आणि मला नोकरी लागली होती — विद्यापीठाच्या धोरण अभ्यास केंद्रात! नाव भारदस्त, पण काम काय? गावोगाव हिंडून लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं फॉर्मवर लिहायची. त्यावरून केंद्रातले विद्वान अहवाल करणार आणि सरकारने काय करावं ते सरकारला सांगणार. म्हणजे सरकारला सल्ला देणाऱ्यांना माहिती देणारी मी! वडील शेजाऱ्यांना असंच सांगायचे, आणि मी त्यांना थांबवत नसे.

आमचे प्रमुख — सर म्हणू — नियमांना फार जपणारे गृहस्थ. शितावरून भाताची परीक्षा हे त्यांचं आवडतं वाक्य. पण शीत कुठलं उचलायचं ते आपण ठरवायचं नाही, म्हणत. यादीत नाव येईल त्याच माणसाकडे जायचं. आणि बाईला विचारायचं असेल तर तिच्याच घरी, ती एकटी असताना विचारायचं. सासू नको, नवरा नको, शेजारीण नको. दार बंद असलं तर परत जायचं, तीनदा जायचं. मला हे सगळं पाठ होतं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

माझ्या वाट्याला एक गाव आलं, ओवे गावाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला. नाव सांगत नाही. गावात एसटी येत नव्हती आणि आता रोजची एक फेरी सुरू व्हायची होती. एकच. ती गावातून पनवेलला सकाळी साडेसहाला सोडावी की दहाला, एवढं बायकांना विचारून यायचं होतं. यादीत बत्तीस नावं. चार दिवसांचं काम.

पहिल्या दिवशी गेले तर गावात चिटपाखरू नाही. घरांना कड्या. मला कळेना — गाव गेलं कुठे? मग ताशा-वाजपाचा आवाज आला. एका घरापुढे मांडव घातला होता, आणि गावातली यच्चयावत बाई त्या मांडवात! लग्न होतं. आगरी लग्न तुम्ही पाहिलंय का? तिथे भटजीच्या आधी मान असतो तो धवलारणीचा. ही बाई लग्नातला एकेक विधी गाण्यातून पार पाडते. तिच्या गाण्याशिवाय पान हलत नाही. या गावची धवलारीण हिराआय — सत्तरीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची गुरं मान वर करतील.

मी दारात उभी राहून आपली ओळख सांगत होते. दोन बायकांनी हात धरून आत ओढलं. तिसरीने गालांना हळद फासली. चौथीने पानात भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी वाढली. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही! मी सुकट खाल्ली. दुसऱ्यांदा मागूनही घेतली. मग नाचलेसुद्धा — मी, जी शाळेच्या गॅदरिंगला पडद्यामागे उभी राहायची. इतकं हसले की पोटात दुखायला लागलं. आयुष्यात मी इतकी आनंदात कधी होते का? लग्नात — माझ्या स्वतःच्या — नव्हते, खोटं कशाला बोलू?

तर त्या आनंदात मी फॉर्म काढले. म्हटलं, सगळ्या इथेच आहेत तर घरोघर कशाला जायचं? बसल्या जागी यादीतली नावं वाचली, मग प्रश्न. साडेसहा की दहा? उत्तर हिराआयने दिलं. दोन गाण्यांच्या मधे, पानाला चुना लावता लावता.

"लिव गो पोरी, धा. साडेसाला निंगालो तं भाकऱ्या कोन थापील? आमी समद्या येका तोंडाच्या हाव."

बायका हसल्या, माना डोलावल्या. मी लिहिलं. मांडीवर ठेवून बत्तीसच्या बत्तीस फॉर्मवर दहावर खूण केली. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी दोन प्रश्न असत. मुलाखत कुठे झाली? घरी. सोबत कोणी होतं का? नाही. असं बत्तीस वेळा. एकच शीत बत्तीस वेळा चेपून पाहिलं आणि भात शिजला म्हणून मोकळी झाले.

तुम्ही म्हणाल, एवढंच? यासाठी इतकी वर्षं गप्प? नाही हो. एवढंच असतं तर मी कधीच सांगून टाकलं असतं, वर टाळीही मागितली असती.

मला वाढायला एक मुलगी होती, सुमती. सोळा-सतरा वर्षांची, दोन वेण्या, कामाला चटपटीत. हिराआयने तिचं कौतुक केलं होतं — गावात दहावी झालेली पहिली पोर ही. आता पुढे शिकायचं खूळ डोक्यात आहे, बाप म्हणतो गाडी आली तर जा, असंही वर सांगितलं, आणि बायका पुन्हा हसल्या. मी हात धुवायला मांडवामागे गेले तेव्हा सुमती तांब्या घेऊन मागे आली. हातावर पाणी घालता घालता खालच्या आवाजात म्हणाली,

"ताई, आमच्या घरा कवा येनार? यादीन माजा नाव हाय ना? मना येक सांगाचा हाय. हितं नाय बोलता येत."

काय सांगायचं होतं ते मला न सांगता कळलं. पनवेलच्या मुलीला कॉलेज सकाळी सातला भरतं हे कुणी शिकवायला हवं का? तिला साडेसहा हवं होतं. आणि आई, काकी, हिराआय सगळ्या दहा म्हणत असताना ती पोर मांडवात तोंड कशी उघडणार? सरांचा नियम कशासाठी होता, ते मला त्या हात धुवायच्या जागी लख्ख समजलं. आणि तिच्या नावाचा फॉर्म? तो माझ्या पिशवीत होता, दहावर खूण केलेला.

मी म्हणाले, उद्या येते.

मला जायला काय हरकत होती? काहीच नाही. तीन दिवस हातात होते. पायाला मेंदी लागली नव्हती. मी गेले नाही. फॉर्म भरून झाले होते, आणि मी ते तीन दिवस घरी लोळत काढले. गेले असते तर एक फॉर्म बदलावा लागला असता, मग बाकीच्या एकतीसांकडेही बघावं लागलं असतं — इतकंच.

सरांनी फॉर्म चाळले आणि चष्मा कपाळावर नेला. एकही उत्तर वेगळं नाही, खात्री आहे ना, असं त्यांनी विचारलं. एक जरी वेगळं असतं तर पुन्हा माणसं पाठवली असती, म्हणाले. मी म्हटलं, गाव एकमुखी आहे, सर. उचलली जीभ, लावली टाळ्याला. अहवालात त्या गावावर अख्खा परिच्छेद आला — तिथल्या बायकांचं सामूहिक शहाणपण वगैरे. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि वर्षभरात मी कायम झाले. त्या नोकरीवर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं.

एसटी सुरू झाली ती दहाची. पहिल्या दिवशी गावाने मला मुद्दाम बोलावलं. गाडीला झेंडूच्या माळा, चाकाखाली नारळ, टपावर पोरं, आणि हिराआयने तर एसटीलाच नवरी करून तिच्यावर गाणं रचलं! ड्रायव्हर लाजला. मला पुढच्या सीटवर बसवलं, ओटी भरली. मीही अशी मिरवले म्हणून सांगू, जशी गाडी मीच खांद्यावर उचलून आणली होती.

खिडकीशी सुमती आली. चेहऱ्यावर राग नव्हता. तिने नुसतं विचारलं, ताई, तुम्ही आलाच नाही? दोन दिवस उंबऱ्यावरून हलले नाही, म्हणाली. तिसऱ्या दिवशी फक्त विहिरीवर जाऊन आले, तेवढंच.

इथे मी खरं बोलू शकत होते. आजूबाजूला गोंगाट होता, कुणाला ऐकूही गेलं नसतं. आणि मी काय म्हणाले?

"अगं, तेव्हाच तर आले होते. तू घरी नव्हतीस."

तिने कपाळावर हात मारला. मग हसली — माझी समजूत काढल्यासारखी! "माजीच चुकी, ताई," म्हणाली. "तुमाला उनान उगीच फेरा परला." गाडी सुटली. मी हात हलवला.

ती कॉलेजात गेली नाही. पुढल्या वर्षी तिचं लग्न झालं.

नऊ-दहा वर्षांनी ती मला पनवेलला भेटली, बाजारात. स्वतःचं शिवणाचं दुकान, दोन मशिनी, हाताखाली बायका, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मला पाहून इतकी आनंदली की गिऱ्हाइकाचं माप अर्धं सोडून बाहेर आली. चहा मागवला, लाडू दिला. मलाही मनापासून आनंद झाला, हे कसं नाकारू? तास-दीड तास आम्ही खिदळत बसलो. तिची लेक शाळेतून आली, दप्तर पाठीवर. सुमतीने तिला माझ्यापुढे उभं केलं.

"ह्याच त्या ताई," ती लेकीला म्हणाली. "विद्यापीठानशी आपल्या दारापरयंत चालत आलत्या, माजा मत ईचाराला. मीच घरा नवती. म्हून तुला रोज सांगते, कुनी येतो बोलला तं घरानशी हलाचा नाय."

रोज सांगते, म्हणाली. पोरगी माझ्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती, आणि मी तिच्या गालाला हात लावून लाडवाचा दुसरा घास घेतला.

ती विहिरीवर गेली तेव्हा मी आले नव्हते. ती दोन दिवस उंबऱ्यावर बसली होती तेव्हाही आले नव्हते. मी पनवेलहून निघालेच नव्हते.