कदमदादा आणि शितीधर

शिखर समोर दिसत असताना मला परत फिरवणारा माणूस काल गेला.

कदमदादा. दुबईत जबल अलीच्या साइटवर आमचे सेफ्टी सुपरवायझर. मूळचे चिपळूणचे.

२००९ मध्ये प्रोजेक्ट बंद पडला. दोघांनाही अनपेड लीव्हवर घरी पाठवलं.

त्या वर्षी माझं सगळंच अर्धवट राहिलं होतं. टॉवर, प्रमोशन, ठरलेलं लग्नसुद्धा.

म्हटलं, एक तरी गोष्ट पूर्ण करायची. मनालीजवळचं शितीधर शिखर. फार कुणाला माहीतही नाही.

दादा म्हणाले, "मी पण येतो. सह्याद्री पालथा घातलाय, बर्फ तेवढा राहिलाय."

समिटच्या दिवशी माझं डोकं फुटत होतं. पाय भलतीकडेच पडत होते.

दादांनी थांबवलं. "साहेब, शंभरापासून उलटे आकडे म्हणा."

मी सत्त्याण्णवला अडकलो.

"खलास. खाली."

"समोर तर आहे!"

"आहे ना. राहू दे तिथेच."

आमच्याबरोबर दोन गाइड होते. एक म्हणाला, "दादा, मैं साहब को नीचे ले जाता हूँ. आप इसके साथ ऊपर हो आओ."

"नको. बरोबर आलोय, बरोबर उतरू."

मी त्यांना पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "भित्रा आहेस तू."

त्यांनी माझा हात खांद्यावर घेतला आणि उतरायला लागले.

मनालीचे डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज येत होती. आणखी थोडं वर गेला असतात तर परत आला नसतात.

मी दादांना सॉरी म्हणालो. "चहा घ्या, गार होतोय," एवढंच म्हणाले. नंतर कधी विषय काढला नाही.

आज दुबईजवळ उम्म अल कुवैनला त्यांच्या घरी गेलो.

वहिनी म्हणाल्या, "यांचा गुडघा दुखला म्हणून तुम्हाला शिखर सोडावं लागलं ना? आम्हाला फार वाईट वाटायचं हो."

गुडघा?

मी मग सगळं सांगितलं. माझं डोकं, ते आकडे, तो 'भित्रा' शब्दसुद्धा.

त्यांची ईशा ऐकत होती. "सो बाबा वॉज फाइन? ही कुड हॅव गॉन अप?"

"हो बाळा. सहज."

ती आईकडे बघून रडता रडता हसली.

दादा, पंधरा वर्षं उशीर झाला. पण आता घरी सगळ्यांना खरं माहीत आहे.

नमस्कार करतो. शांतपणे जा.