नागूच्या लेकीने पडदा मोठा केला

कशेळ्याच्या नागूची लेक अक्षदा नेमकं काय काम करते, हे गावात कोणाला धड सांगता येत नाही. तिची आत्या येसूबाई सांगते, "कंपूटरातल्या खिडक्या लहानमोठ्या करती, आन त्याचा पगार घेती!" येसूबाईच्या तोंडाला लागू नये, पण या खेपेला बाई अगदीच चुकलेली नाही. पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर आहे. कारखान्यातलं कोणतं काम कोणाकडे आहे, कधी संपायचं, ते त्यात कळतं. ते पडद्यावर कसं दिसावं, हे अक्षदा घरी बसून ठरवते.

आता मूळ भानगड ऐका. नागू साजगावच्या एका कारखान्यात अकरा वर्षं टेंपो चालवत होता. माल उशिरा पोचतो अशी ओरड झाली, तेव्हा नियोजनाच्या किरणसाहेबांनी सोमवारच्या बैठकीत भिंतीवरच्या टीव्हीवर यादी दाखवली आणि तीस माणसांदेखत म्हणाले, "माल तयारच असतो. आमचे नागूशेठ वाटेत झोप काढतात." हशा झाला. पुढच्या आठवड्यात नागू घरी.

नागू गप्प बसला. लेक बसणारी नव्हे. पाचवीत हिचं पेन मोडणाऱ्या मुलीला हिने सातवीत गाठलं होतं.

ती यादी हिच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली. लोक ते कसं वापरतात हे बघायला कंपनीने तिला वर्षभराने तिथेच धाडलं. बापाचं नाव न सांगता ती कोपऱ्यात बसून बघत राहिली. यादी दाखवताना किरण डावीकडचा कप्पा ओढून असा रुंद करायचा, की उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर जायचे. कोणतं काम कोणाच्या टेबलावर किती दिवस पडलं, ते त्याच रकान्यांत होतं. तिने नागूच्या शेवटच्या महिन्याची, मार्चची, नोंद काढली. माल सोडायची परवानगी किरणकडे नऊ दिवस. टेंपोत एक दिवस.

आई जिजा म्हणाली, "मालकाच्या कानावर घाल की गं. मिटंल."

"माझ्या बापाला कानात नाय हसले, आये."

एक बटण दाबलं की यादी पूर्ण पडदाभर दिसावी, ही सोय कंपनीला करायचीच होती. तिचे वरिष्ठ म्हणत होते, सगळं लपवा, नुसता रंगीत तक्ता राहू द्या. ही महिनाभर भांडली. "माणूस पडदा मोठा करतो तो दहा जणांना दाखवायला. मग काम कुठे अडलंय ते आधी दिसू दे!" शेवटी तसंच ठरलं. पडदा मोठा झाला की कप्पे, पट्ट्या गायब. सगळ्यात जास्त रखडलेलं काम सगळ्यात वर, पुढे माणसाचं नाव आणि दिवस, मागच्या रांगेतूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत. आणि काम खरंच चांगलं झालं होतं हो, वरिष्ठांनीही पाठ थोपटली.

नवं रूप दाखवायला ती साजगावला गेली, सोमवारी. किरणने माऊस तिच्या हातातून घेतलाच. "द्या इकडे मॅडम, मला येतं सगळं." आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं.

नऊ ओळी. सात ओळींत किरण. पहिलीतच तेवीस दिवस. मागून कोणीतरी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

किरण माऊस इकडेतिकडे फिरवू लागला. "मॅडम, हे बारीक कसं करायचं?"

एक कळ दाबली की झालं असतं. अक्षदाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "करू की. मागच्यांचं वाचून होऊ द्या." मग पुढच्या रांगेत बसलेल्या मालकांकडे वळून, "गेल्या सालचा मार्च पण उघडायला सांगा. टेंपोचा."

"उघड रे," मालक म्हणाले. नऊ दिवस आणि एक दिवस, भिंतभर. कोणी हसलं नाही. मालकांनी विचारलं, "तुम्हाला मार्चचं कसं माहीत?"

"मी नागूंची मुलगी."

किरण आता गोदामात खोकी मोजतो. बिचारा म्हणणारे गावात आहेत, मी त्यांच्यात नाही.

मालकांनी नागूला परत कामावर यायला फोन केला. नाही म्हणायचं तर फोनवरच म्हणता आलं असतं. पण लेकीने बजावलं, "बाबा, फोनवर नाय. सोमवारी जा." नागू इस्त्रीचा सदरा घालून निघाला. कर्जतपर्यंत जीप, पुढे खोपोली, तिथून रिक्षा. बैठकीच्या दारात तीस माणसांसमोर उभा राहिला, म्हणाला, "मी येनार नाय," आणि आल्या वाटेने परत फिरला.